पाण्याचा मुक्काम किती मिनिटांचा?

घोडबंदर रस्ता जिथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तो वरसाव्याचा नाका मुंबई-ठाण्यातल्या माणसाला ठाऊक असतो तो वाहतूक कोंडीमुळे. २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल खुला झाला, तरी नाक्याची ही ख्याती पुरती गेलेली नाही. गाडी अडकली की मात्र आजूबाजूला बघायला वेळ मिळतो. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हॉटेलं, ढाबे, रिसॉर्ट आणि लग्नाची लॉन्स. लगीनसराईत इथल्या एकेका लॉनवर रात्री शेकड्यांनी पानं उठतात. त्या ताटांचं, कढयांचं, तव्यांचं धुवण कुठेतरी जातंच. तेल, तूप, साबण, भाताची पेज आणि डाळीचा गाळ असलेलं हे कोमट पाणी नीट साफ केलं नाही तर नाल्यावाटे खाडीत उतरतं. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगरचं ओझं घेऊन आलेली उल्हास नदी ज्या खाडीतून समुद्राला मिळते, तीच ही खाडी. तिला आणखी तुपाची गरज नाही.

पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सार्वजनिक गटारात किंवा समुद्रकिनारी सोडायचं असेल तर ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. कागदावर हे आकडे उदार वाटतात, पण एक चमचाभर तेल १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसवायचं तर त्यात सुमारे साडेचारशे लिटर स्वच्छ पाणी मिसळावं लागेल. मोठ्या स्वयंपाकघरात दिवसाकाठी किती चमचे सिंकमधून जात असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो, तो म्हणजे ग्रीस ट्रॅप. पाणी थोडं थांबवलं की तेल आपोआप वर येतं, ते काढून टाकायचं. सुट्ट्या, मोठ्या थेंबांच्या तेलाला हा उपाय लागू पडतो. पण गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण एकत्र आले की तेलाचे बारीक थेंब होतात, इतके बारीक की पाणी नुसतं गढूळ दिसतं. दहा मायक्रॉनचा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा तेलाचा थेंब कोकणातल्या कोमट पाण्यात तासाला जेमतेम दोन सेंटिमीटर वर चढतो. मीटरभर खोल टाकी असेल तर त्याला पृष्ठभाग गाठायला दोन दिवसांहून जास्त लागतील. तेवढा वेळ पाणी साठवून ठेवायला जागा कोणाकडे आहे? आणि असली तरी तोवर त्या पाण्याचा वास सहन कोण करणार?

इथे डॅफ, म्हणजे डिझॉल्व्ड एअर फ्लोटेशन, कामाला येतं. हे यंत्र थेंबाला हवेचा बुडबुडा चिकटवून वर नेतं. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जे होतं, तेच इथे मुद्दाम घडवून आणलेलं असतं. साफ झालेल्या पाण्यापैकी थोडं पाणी परत घेऊन ते चार ते सहा बार दाबाखाली एका बंद टाकीत हवेबरोबर ठेवतात. या टाकीला सॅच्युरेटर म्हणतात. दाबामुळे हवा पाण्यात विरघळते. मग झडपेतून ते पाणी उघड्या टाकीत सोडलं की दाब एकदम उतरतो आणि विरघळलेली हवा अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. पाणी क्षणात दुधाळ होतं. फटकी आणि पॉली (पॉलिइलेक्ट्रोलाइट) टाकून घाणीचे आधीच गुठळ्यांसारखे पुंजके केलेले असतात. बुडबुडे त्यांना चिकटतात, पुंजके वर येतात, त्यांचा फेसाळ थर साचतो आणि स्कीमरची पट्टी तो ओढून बाजूच्या हौदात टाकते. खालून साफ पाणी निघतं. ही कल्पना नवी नाही. कागद गिरण्यांच्या पाण्यात वाहून जाणारा लगदा परत मिळवण्यासाठी स्कँडिनेव्हियात १९२० च्या दशकातच अशी यंत्रं बसू लागली होती. आज दूध डेअऱ्या, कत्तलखाने, तेलशुद्धीकरण कारखाने, मासळी प्रक्रिया उद्योग, सगळीकडे हे यंत्र दिसतं.

यंत्राचं कोटेशन हातात आलं की त्यात एक ओळ हमखास असते: रिटेन्शन टाइम, ३० मिनिटं. म्हणजे पाण्याचा टाकीतला मुक्काम. टाकीचं घनफळ भागिले ताशी येणारं पाणी, की झाला हा आकडा तयार. घेणारा तो वाचतो, शेजारच्या कोटेशनमध्ये २० मिनिटं दिसतात, आणि तो मनाशी म्हणतो, ३० वालं बरं, पाणी जास्त वेळ थांबेल तर जास्त साफ होईल. माझं मत विचाराल तर सांडपाण्याच्या व्यवहारात याच्याइतका सरळ दिसणारा आणि इतका दिशाभूल करणारा दुसरा आकडा नाही.

कारण पाणी किती वेळ थांबलं याला फारसा अर्थ नाही. बुडबुडा चिकटलेला पुंजका पाण्याबरोबर खाली ओढला जाण्याआधी वर पोचला का, एवढंच बघायचं असतं. पन्नास मायक्रॉनचा बुडबुडा तीस अंश तापमानाच्या पाण्यात सेकंदाला साधारण १.७ मिलिमीटर चढतो, म्हणजे तासाला सहा मीटर. टाकीतलं पाणी खाली उतरून बाहेर पडतं, त्याची उतरण्याची गती ताशी सहा मीटरपेक्षा कमी असेल तर बुडबुडा जिंकतो, जास्त असेल तर हरतो. ही उतरण्याची गती टाकीच्या खोलीवर अवलंबून नसते. ताशी येणारं पाणी भागिले टाकीचं वरचं क्षेत्रफळ, एवढाच तिचा हिशेब. अमेरिकन अभियंता अॅलन हेझन याने १९०४ मध्ये गाळ खाली बसण्याच्या टाक्यांबद्दल हेच सांगितलं होतं: क्षेत्रफळ बघा, खोलीच्या मागे लागू नका. गाळ बसवायचा असो की तरंगवायचा, गणित तेच आहे, फक्त उलटं.

म्हणून दोन टाक्या घ्या. एक अडीच मीटर खोल, पाण्याचा मुक्काम तीस मिनिटं. दुसरी अर्धा मीटर खोल, मुक्काम तीन मिनिटं. पहिलीतलं पाणी ताशी पाच मीटरने उतरतं, दुसरीतलं दहा मीटरने. मुक्काम दहापट कमी झाला, पण पुंजक्याकडून मागितलेला वेग फक्त दुप्पट झाला. एका पुंजक्याला पाच-दहा बुडबुडे एकदम चिकटले तर तो वेग साधणं अशक्य नाही. स्लोव्हेनियातून अमेरिकेत गेलेल्या मिलोश क्रोफ्टा या अभियंत्याने नेमकं हेच हेरलं. त्याची गोल टाकी जेमतेम अर्धा मीटर खोल असते, आणि पाणी आत सोडणारी तोटी टाकीभर फिरते, तीही येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेने आणि त्याच वेगाने. त्यामुळे आत पडलेलं पाणी टाकीच्या हिशेबाने जागच्या जागी थांबतं. ना ढवळाढवळ, ना लाट. पुंजका सरळ वर येतो आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी अशी टाकी बसवली गेली. पुढे न्यूयॉर्कने ब्रॉंक्समध्ये, गोल्फच्या मैदानाखाली, २०१५ मध्ये क्रोटन जलशुद्धीकरण केंद्र सुरू केलं. तिथे जागा वाचवण्यासाठी फिल्टरच्या डोक्यावरच तरंगवण्याच्या टाक्या बसवल्या आहेत. जागेचे भाव घोडबंदर रस्त्यावर काय आहेत हे माहीत असलेल्याला या दोन्ही युक्त्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता वरसाव्याच्या लग्नाकडे परत येऊ. समजा एका हॉटेलाच्या आणि त्याला जोडलेल्या लॉनच्या स्वयंपाकघरातून दिवसाला ४८ घनमीटर पाणी निघतं. सरासरी ताशी दोन घनमीटर. एक घनमीटरची टाकी घेतली की कागदावर तीस मिनिटांचा मुक्काम झाला. टाकी सव्वा मीटर खोल असेल तर वरचं क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर आणि पाण्याची उतरण्याची गती ताशी अडीच मीटर. उत्तम. पण लग्नाच्या रात्री पंगती उठतात दहा ते बारात, तेव्हा ताशी सहा घनमीटर पाणी येतं. मुक्काम दहा मिनिटांवर आणि उतरण्याची गती साडेसात मीटरवर जाते. परत फिरवलेलं दाबाचं पाणीही याच टाकीतून जातं, ते धरलं तर आणखी जास्त. सहा मीटरने चढणारा बुडबुडा आपल्या पुंजक्यासह थेट बाहेर. म्हणजे दिवसभर रिकामं चालणारं यंत्र, ज्या दोन तासांसाठी आणलं त्याच दोन तासांत हात टेकतं. नमुना मात्र सकाळी अकरा वाजता घेतला जातो, आणि अहवाल छान येतो.

यावर उपाय म्हणजे आधी एक मोठी इक्वलायझेशन टाकी ठेवायची आणि रात्रीची गर्दी तिथे मुरवून पाणी चोवीस तास सारख्या धारेने पुढे सोडायचं. इथे मुक्काम तासांचा हवा आणि तो उपयोगीही असतो, कारण पाणी थंड झालं की साबणात अडकलेलं तूप घट्ट होऊन सुटू लागतं. पण आपल्या हवेत ही टाकी नुसती भरून ठेवली तर काही तासांतच तिच्यातला प्राणवायू संपतो. मग सडक्या अंड्यांचा वास सुरू होतो, चरबी फुटून तिची आम्लं होतात, पाणी आंबट होतं आणि काल बेतलेला फटकीचा डोस आज लागू पडत नाही. म्हणून टाकीच्या तळातून हवा सोडत पाणी हलतं ठेवावं लागतं. बेतानेच, कारण जोरात ढवळलं तर तेल पुन्हा बारीक होतं. पुढे पाणी उचलायला वेगाने फिरणारा साधा सेंट्रिफ्यूगल पंप लावला तर तोही मिक्सरचं काम करतो. जाणकार तिथे हळू फिरणारा स्क्रू पंप सुचवतात. हा पंप महाग असतो आणि बहुधा खर्च कापताना पहिली कात्री त्यालाच लागते.

दुसरं घड्याळ सॅच्युरेटरचं. दाबाखाली हवा विरघळायलाही वेळ लागतो. टाकी रिकामी असेल तर जास्त, आत प्लॅस्टिकच्या कड्या भरून पाणी त्यांवरून ओघळू दिलं तर कमी. पाच बार दाबाला तीस अंशाच्या पाण्यात हवा जेवढी विरघळायला हवी त्याच्या ऐंशी टक्के विरघळली, तर दाब उतरल्यावर लिटरमागे सुमारे ५९ मिलिलिटर हवा मिळते. पन्नास मायक्रॉनचे बुडबुडे धरले तर एका लिटरात नव्वद कोटी. हाच मुक्काम आखूड पडून विरघळण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर आलं, तर हवा ३१ मिलिलिटरवर उतरते. दाबमापकाचा काटा मात्र पाचवरच असतो, त्यामुळे ऑपरेटरला काही बिघडल्याचं कळत नाही. तो फटकी वाढवतो, पॉली वाढवतो, बिल वाढतं. बिघाड असतो सॅच्युरेटरमध्ये गाळाने बसलेल्या कड्यांत किंवा पंपाचा प्रवाह वाढवून आखूड केलेल्या मुक्कामात.

आपल्याकडे इथे आणखी एक गोम आहे. या यंत्रांची हस्तपुस्तकं बरीचशी थंड देशांत लिहिली गेली. दहा अंशाच्या पाण्यात साध्या वातावरणीय दाबाला लिटरमागे २२.८ मिलिलिटर हवा विरघळते, तीस अंशाला फक्त १५.७. म्हणजे तोच पंप, तोच दाब, पण हवा जवळपास तीस टक्के कमी. उलट कोमट पाणी पातळ असतं, म्हणून तोच बुडबुडा दहा अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने चढतो. थोडक्यात वरसाव्यात टाकी लहान चालेल, पण हवा जास्त फिरवावी लागेल. युरोपातली टाकी आणि युरोपातलं परतीच्या पाण्याचं प्रमाण जसंच्या तसं उचललं तर काँक्रीट जास्त आणि बुडबुडे कमी, असा उफराटा माल पदरात पडतो.

पुंजके तयार होण्याचा वेळ हा तिसरा मामला, आणि त्यात जुन्या सवयी आड येतात. गाळ खाली बसवायच्या टाक्यांवर काम केलेल्या माणसाला मोठे, जड, डोळ्यांना सहज दिसणारे पुंजके आवडतात. त्यासाठी तो अर्धा तास हळूहळू ढवळतो. तरंगवण्यासाठी असे पुंजके अडचणीचे ठरतात. ते जड असतात, त्यांना उचलायला जास्त बुडबुडे लागतात आणि झडपेजवळच्या खळबळीत ते तुटतात. जेम्स एड्झवॉल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने या विषयात हयात घालवली. त्याच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दोन आकडी मायक्रॉनचे, बुडबुड्याच्याच आकाराचे पुंजके सगळ्यात चांगले तरंगतात. त्यासाठी दहा मिनिटांचं ढवळणं बऱ्याचदा पुरतं. म्हणजे इथे मुक्काम वाढवणं नुसतं वाया जात नाही, ते काम बिघडवतं.

तसंच वर साचलेल्या फेसाचं. तो थर लगेच ओढला तर पातळ निघतो, हौद पाण्यानेच भरतो. तासभर थांबलं तर त्यातलं पाणी निथळतं आणि घट्ट गाळ मिळतो. पण फार वेळ थांबलं तर बुडबुडे फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि खालचे पुंजके सुटून परत पाण्यात पडतात. साफ पाण्यात सकाळी अचानक काळे कण दिसू लागले तर रात्री स्कीमर बंद राहिला होता का, हे आधी विचारावं. आणि टाकीवर छप्पर नसेल तर जून ते सप्टेंबर विसराच. कोकणातली एक जोरदार सर त्या फेसाचा पाच मिनिटांत चिखल करून टाकते. निविदेत छपराचा खर्च वेगळा काढून ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे टाकीत खरा मुक्काम किती, हे गणितातल्या मुक्कामावरून कळतच नाही. पाणी आळशी असतं. ते आत आल्यावर सगळी टाकी फिरत बसत नाही, जवळची वाट धरतं. एका कोपऱ्यात पाणी तासभर घोटाळतं, तर दुसरीकडून तीन मिनिटांत बाहेर. पीटर डँकवर्ट्स या इंग्रज रसायन अभियंत्याने १९५३ मध्ये या विखुरलेल्या वेळांचं गणित मांडलं, आणि ते तपासायची रीत आजही साधी आहे. मीठ विरघळवलेल्या बादलीभर पाण्याची एकच धार आत सोडायची आणि बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता दर मिनिटाला मोजत बसायचं. तीस मिनिटांच्या टाकीत मीठ पाचव्या मिनिटाला दिसू लागलं तर समजावं की आडभिंत चुकीच्या जागी आहे किंवा बाहेरची नळी एकाच बाजूने ओढते आहे. एक मीटर, एक वही आणि अर्ध्या दिवसाची फुरसत. एवढ्यात कळणारी गोष्ट वर्षानुवर्षं कळत नाही, कारण विचारत कोणी नाही.

दुसरी चाचणी याहून सोपी. काचेचं उभं, ३०० मिलिमीटर उंचीचं मोजपात्र घ्या. झडपेनंतरच्या नमुन्याच्या तोटीतून दुधाळ पाणी त्यात अलगद भरा, हेलकावे देऊ नका. हातात घड्याळ धरा आणि बघा. तळापासून पाणी निवळत जाईल, वरचा पांढरा भाग आखूड होत जाईल आणि दोहोंमधली रेघ वर सरकताना स्पष्ट दिसेल. बुडबुडे पन्नास मायक्रॉनच्या आसपास असतील तर रेघेला माथ्यापर्यंत पोचायला तीन मिनिटांच्या आसपास लागतील. मिनिटभरात, किंवा त्याच्याही आत, पाणी लख्ख झालं तर बुडबुडे शंभर मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे आहेत. ते घाणीला चिकटायच्या आधीच सुटून जातात. झडप झिजली असेल किंवा दाब पुरत नसेल. मात्र पाणी मुळात दुधाळच दिसलं नाही, नुसते मोठे फुगे उसळले, तर सॅच्युरेटरमधली हवा विरघळतच नाही आहे. मोजपात्र घेऊन उभा राहणारा ऑपरेटर महागड्या स्वयंचलित पॅनेलपेक्षा जास्त भरवशाचा, हा माझा पक्षपात समजा हवं तर.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शहराचं रोजचं मैलापाणी हे डॅफचं मुख्य क्षेत्र नव्हे. त्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य असतं, ते बुडबुड्याला चिकटत नाही, ते जिवाणूंनीच खावं लागतं. वरसाव्याचा नाका ज्या शहरात येतो त्या मीरा-भाईंदरचा हा भार वाढणारच आहे. एमएमआरडीएच्या सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे, त्यातलं २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरचं. वरसाव्याजवळ खाडीखालून बोगदा काढण्याचं काम याच प्रकल्पाचं. पुरवलेल्या पाण्याच्या ऐंशी टक्के मैलापाणी होतं असं धरायचा आपल्याकडे रिवाज आहे. त्या हिशेबाने एकट्या या पाण्याचंच दिवसाला सुमारे १७४ दशलक्ष लिटर सांडपाणी होईल. ते साफ करणाऱ्या जैविक प्रक्रियेला तुपाचा लेप बसला तर जिवाणूंना प्राणवायू पोचत नाही आणि गटारंही तुंबतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला होता, त्यातली चरबी हॉटेलांच्या आणि घरांच्या सिंकमधूनच गेलेली. म्हणून तेल जिथे निघतं तिथेच, स्वयंपाकघराच्या मागच्या दारी, अडवणं शहाणपणाचं. डॅफची खरी जागा ती.

तेव्हा हॉटेलवाल्यांना, लॉनवाल्यांना आणि मोठ्या गृहसंकुलांच्या कमिट्यांना एक विनंती. कोटेशनमध्ये ‘रिटेन्शन टाइम ३० मिनिटं’ असं वाचलं की तिथे थांबू नका. टाकीचं वरचं क्षेत्रफळ किती चौरस मीटर, लग्नाच्या रात्रीची सर्वात मोठी धार ताशी किती, आणि तीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे किती हवा मिळेल, हे लेखी मागा. यांची उत्तरं ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडून टाकी घेऊ नका. आणि घेतलेली असेल तर पहिला नमुना रात्री अकरा वाजता काढा.